अडखळायची रीत

बाई,

तुम्ही मला फसवलंत असा मला संशय आहे. तो आला मागच्या महिन्यात, मुकुंदवाडीत, आणि तेव्हापासून जाता जात नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता समोर बसून भांडता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तुम्हीच म्हणायच्या ना, या पोरीला बाकी काही शिकवता आलं नाही, संशय तेवढा नीट घेते. आता तो तुमच्यावरच उलटला तर कुरकुर करायची नाही.

करमाडहून मी शहरात काकाकडं राहायला आले होते. बारावी झालेली, लग्न ठरायला अवकाश, रिकामी पोर घरात बसून काय करणार म्हणून साक्षरता वर्गावर शिकवायला नाव दिलं. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन आमच्यासारखे स्वयंसेवक घडवायचं काम घेतलं होतं. समर्थनगरातल्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हा बैठकीत न बसवता तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात नेलंत. मला वाटलं चहा असेल. मी म्हणाले, शिकवायचं ते काय एवढं, मला वाचता येतं की. तुम्ही पाटी माझ्या हातात दिलीत. ओट्याखाली जमिनीवर बसलात, पदर डोक्यावरून ओढून घेतलात आणि म्हणालात, "मी अडाणी. कधी पाटीला हात लावलेला नाही. चल, शिकव मला." मी पाटीवर अक्षर काढलं. तुम्ही जांभई दिलीत. दुसरं काढलं तर म्हणालात, "पोरी, चुलीवर दूध ठिवलंय, जाऊन येते." तुमचं ते खेड्यातलं बोलणं! समर्थनगरच्या तोंडात 'लई' आणि 'व्हय' असं बसायचं की करमाडच्या माणसाला ऐकवायचं नाही. मला हसू फुटलं. तुम्ही पदर खाली घेतलात, सोंग संपलं, आणि तुमच्या शाळेतल्या आवाजात म्हणालात, "हसलीस? झालं. ती उद्यापासून येणार नाही. घरी सांगेल, डोकं दुखतं. आणि तू सांगशील, या बायकांना शिकायचंच नसतं."

तो शब्द मला असा लागला की आजही नवीन मुली शिकवायला आल्या की मी पहिल्या दिवशी जमिनीवर बसते, पदर घेते आणि म्हणते, मी अडाणी, शिकवा मला. कुणीतरी हसतंच. मग तुमचंच वाक्य मी तुमच्याच आवाजात टाकते. माझं खेड्यातलं बोलणं मात्र तुमच्यापेक्षा बरं आहे.

दर शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरात हा खेळ चालायचा. कधी तुम्ही चिडकी म्हातारी व्हायच्या, कधी लाजणारा गवंडी, कधी सगळं येतं म्हणून मिरवणारी शेजारीण. वाचायला लागलात की 'मका' या शब्दापाशी हमखास अडायच्या. म... म... आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या, मी सांगते का ते पाहायला. सांगितलं की ओरडा. खेळ संपला की चहा, आणि चहाबरोबर संशयाचा धडा. "स्वयंसेवकाच्या तोंडावर जाऊ नकोस," तुम्ही म्हणायच्या, "शिकणाऱ्याच्या बोटावर जा." एकदा एका वर्गावर मला सोबत नेलंत. तिथल्या सगळ्या बायका धडा घडाघडा वाचत होत्या. मी खूश. तुम्ही एकीच्या पानावर सहज हात ठेवलात, तर ती हाताखालचंही वाचत राहिली. परत येताना रिक्षात तुम्ही त्या शिकवणाऱ्या मुलीला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणालात, की पाठ करून घेणं सोपं असतं आणि आपल्याला खूश व्हायची घाई असते.

ते कानात ठेवून मी आज कुणावरही विश्वास ठेवत नाही. शिकवणाऱ्या मुली तयार करणं, मग त्यांच्या वर्गावर आठवड्यातून एकदा जाणं, त्यांच्या अडचणी सोडवणं, आणि हे करता करता कोण थापा मारतंय ते हुडकणं, हे माझं काम. मुली मला मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

मुकुंदवाडीत स्टेशनाजवळ मारुतीच्या देवळामागं एक खोली आहे, तिथं दुपारी बायकांचा वर्ग भरतो. शिकवते ती देवगाव रंगारीकडची मुलगी, लग्न होऊन इथं आलेली. हुशार, बोलायला गोड, आणि माझा अनुभव असा की गोड बोलणाऱ्यांकडं आधी बघावं. हिच्या वर्गात हिची सासूसुद्धा शिकते. सून शिकवते आणि सासू खाली बसून पाटी गिरवते, हे ऐकूनच साक्षरतेच्या ऑफिसातल्या लोकांना गहिवरून आलं होतं. मला नाही आलं. कारण वर्ग सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी तिथली एकही बाई चाचणीत पास होत नव्हती. सुटीचे वार वगळले तर वर्ग रोज भरायचा, हजेरी भरपूर, खोलीतून आवाज यायचा, आणि प्रगती शून्य. मला वाटलं, ही पोरगी दुपारी बायका जमवून गप्पा मारते आणि शिकवत काहीच नाही.

न सांगता जाऊन पाहिलं. एकदा, मग पुन्हा. मी दारात दिसले की आतला गलका थांबायचा, आणि बायका पाठ्यपुस्तकं उघडून अशा काही अडखळायला लागायच्या की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. मी बोटांकडं बघत बसले. बोटं शब्दाखाली नीट जात होती, ओळ संपली की दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बरोबर येत होती, तोंड मात्र मागं. आणि अडत होत्या कुठं, तर 'घर' या शब्दाला. 'मका' या शब्दाला तर सगळ्याच. तिकडं 'ज्वारी' कुणी सहज म्हणून जायचं आणि मग दचकून पुढच्या सोप्या शब्दाला अडायचं. हे काहीतरी भलतंच आहे एवढं मला कळलं. काय ते कळेना. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, "हळूहळू होईल मॅडम, वय झालंय त्यांचं." तिच्या डोळ्यांत लबाडी होती, बाई. मी मनातल्या मनात तिचं नाव कापायलाही घेतलं होतं.

त्यानंतर पुन्हा गेले तेव्हा देवळापुढच्या लोखंडी बाकांना रंग देणं चाललं होतं. तीन बाक, तिन्ही हिरवेगार, आवारभर वास. वर्ग सुटला. बायका बाहेर येऊन दोन बाकांवर टेकल्या. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांवर, आणि मी मधल्या बाकावर बसणार एवढ्यात सासूबाई ओरडल्या, "मॅडम, तिथं नका टेकू! वला हाय त्यो."

मी उभी राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतुय की."

"वास तर तिन्हींना येतोय. तुम्ही या दोनवर बसलातच ना. मधलाच ओला हे कसं कळलं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. सून मारुतीकडं बघायला लागली. "कुणीतरी म्हणत हुतं," सासूबाई म्हणाल्या. कोण म्हणत होतं, मी विचारलं. तेवढ्यात मागनं एक बाई वैतागून बोलली, "आवं, भितीवर लिव्हलंय न्हवं का एवढं!" आणि तिनं तोंडावर हात दाबला.

मी वळून पाहिलं. भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, मधला बाक ओला आहे, बसू नये. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. फक्त सून रडवेली झाली होती.

"आता झाकून काय करायचं," सासूबाई म्हणाल्या. "येतंय आमाला वाचाया. लई दिस झालं येतंय."

"मग चाचणीत सांगत का नाही?"

"सांगितलं की पास. पास झालं की वर्ग बंद. पटरीपल्याड बघितलं न आम्ही. समद्या बाया पास झाल्या, फोटू निघाले, अन् खोलीला कुलूप. शिकवणारीला धाडलं दुसरीकडं."

हे खरं होतं. तो वर्ग मीच बंद करून आले होते, पेढे खाऊन. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी वर्ग चालवायला ऑफिस तयार नसतं, आणि ऑफिसचं तरी काय चुकतं, न येणाऱ्या बायका बाहेर किती आहेत. मी म्हणाले, आता येतंय तर घरी बसून वाचा.

"घरी?" सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "घरी बाई पेपर घिऊन बसली तर समद्यांना कामं आठवत्यात. हितं शिकाया जाती म्हणून कुणी हाक मारत नाय. येत नाय तवरच बसू देत्यात, मॅडम. आलं की म्हणत्यात ऊठ."

मी नसताना त्या आत काय करायच्या तेही मग कळलं. सून कुठून कुठून जुने पेपर, दिवाळी अंक आणायची. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर भांडायचं. तो गलका मी बाहेरून गप्पांचा समजत होते. सून डोळे पुसत म्हणाली, "मला काढू नका मॅडम. मला पण घरातनं दुपारचं एवढंच बाहेर पडता येतं." मग जरा धीर करून म्हणाली, "आणि सोंग तुम्हीच तर शिकवलं. ट्रेनिंगमध्ये तुम्ही नाही का वाचता न येणारी बाई झाला होता? मका म्हणताना अडला होता. तेच मी यांच्याकडून बसवून घेतलं."

म्हणजे बाई, तुमचं अडखळणं माझ्याकडं आलं, माझ्याकडून देवगावच्या पोरीकडं, आणि तिच्याकडून मुकुंदवाडीच्या सगळ्या बायकांकडं. आणि मी आपली बोटं बघत बसले होते!

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. ऑफिसात जाऊन सांगायचं, सगळ्या पास आहेत. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः चाचणी घ्यायला येणार होते, सांगणं सोपं होतं. पण तसं केलं असतं तर त्यांची दुपार माझ्या हातानं गेली असती, आणि त्या पोरीचं उंबऱ्याबाहेर पडणं पुन्हा बंद झालं असतं. मी पर्स उचलली, पायऱ्या उतरले, पुन्हा चढले आणि म्हणाले, "सोंगच घ्यायचं तर नीट घ्या. सोप्या शब्दाला कुणी अडत नसतं. जोडाक्षराला अडा. आणि सगळ्या एकाच जागी अडू नका, मेंढरांसारख्या." दुसऱ्या दिवशी मी त्यांना अडखळायला शिकवायला गेले. वाचायला शिकतानाही त्यांनी एवढं मन लावलं नसेल. सासूबाईंना तेवढं जमेना. "आता अडताच येत नाय मला," त्या म्हणाल्या. "डोळा आपला आपण फुडं पळतो. शबूद दिसला की कळून जातो, काय करू?"

चाचणीच्या दिवशी साहेब आले, बायका एकेक करून रीतसर अडखळल्या. सासूबाईंची पाळी आली तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. साहेब समजूतदार निघाले. कुणाचा तरी द्या, म्हणाले. कुणाचाही बसला तर त्या घडाघडा वाचणार, आणि तेवढ्यात मला आठवलं की माझ्या पिशवीत तुमचा चष्मा आहे.

तो तुम्ही मला दिला होता, आठवतं? शेवटच्या दोन-एक वर्षांतली गोष्ट. "हा वर्गावर ठेव," म्हणालात. "अक्षर येत नाही असं आपल्याला वाटतं, मुळात त्या बायकांना दिसत नसतं. मी नवीन करायला टाकलाय." मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं. पण तो कुठल्याच बाईला बसला नाही. सगळ्या म्हणायच्या, गरगरतं. तरी मी तो पिशवीतून कधी काढला नाही. पिशव्या बदलल्या, स्टेशनावरची शहराच्या नावाची पाटी बदलली, चष्मा तसाच.

सासूबाईंनी तो घातला. पुस्तकाकडं पाहिलं. बोट कागदावर ठेवलं, आणि ते बोट मोकळ्या समासातच फिरायला लागलं, वर, खाली, पुन्हा वर. "ह्यातनं कायबी दिसत नाय, साहेब," त्या म्हणाल्या. "समदं धुकं. वळ कुठनं चालू व्हती तेच कळंना." खरं तेच बोलत होत्या. साहेबांनी हळहळून 'कच्च्या आहेत' असं ठरवलं, वर्ग वाचला, बायकांनी श्वास सोडला. आणि मी त्या बोटाकडं बघत बसले, कारण ते बोट मी ओळखलं होतं. ते तुमचं होतं.

आता सांगा. सुरुवातीला तुम्ही शब्दाला अडायच्या. शेवटी शेवटी तुम्ही ओळीला अडायला लागला होतात. "कुठनं सुरू होतं ग हे पोरी?" म्हणायच्या आणि बोट असंच कागदावर फिरवायच्या. मी म्हणायचे, काय सोंग आणता बाई! एकदा तुम्ही पेपर चक्क उलटा धरलात, गवंडी झाला होतात त्या दिवशी, आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही हसलात. पेपर मात्र सरळ केला नाहीत. वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं जमत नाही, डोळा पुढं पळतो, असं मुकुंदवाडीची म्हातारी सांगते. मग तुमचा का पळत नव्हता?

आणि ते डबे. "शिकणारीच्या घरातल्या वस्तू हेच तिचं पुस्तक," असं म्हणून तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं लिहायला लावलीत. मी लिहिली, तर केवढ्यानं ओरडलात! "एवढं बारीक कोण वाचणार? म्हाताऱ्या डोळ्यांनी वाचायचंय हे!" मी पुसून मोठी काढली. तुम्ही म्हणालात, आणखी मोठी. तूरडाळ एवढा एकच शब्द अख्ख्या डब्याभोवती फिरला तेव्हा कुठं तुमचं समाधान झालं. घरी जाताना मी रडले होते. बाई, ते डोळे कुणाचे होते?

नवीन चष्मा मी कधी पाहिलाच नाही. माझं स्वतःचं लग्न होऊन मूल झालं, मी इतरांना शिकवायला लागले, तरी तुम्ही प्रत्येक शनिवारी सांगायच्या, "अजून कच्ची आहेस. पुढच्या वेळी पूर्ण पेपर वाचून दाखव, आवाजात चढउतार नाही तुझ्या." मी पूर्ण पेपर वाचायचे, पहिल्या बातमीपासून निधनवार्तांपर्यंत. छोट्या जाहिरातीसुद्धा. तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं परीक्षा चाललीय. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, म्हातारीला माझं कधीच पटत नाही.

मुलगा पुण्याला होता तुमचा. तुम्हाला दिसेनासं झालंय हे त्याला कळलं असतं तर त्यानं तुम्हाला त्याच आठवड्यात नेलं असतं, आणि तुम्हाला समर्थनगर सोडायचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. शेवटी नेलंच. मला शेजारणीनं सांगितलं, आणि काही महिन्यांनी पुढचीही बातमी तिनंच सांगितली. काय झालं होतं विचारलं तर म्हणाली, वय झालं होतं. मुलाला फोन करून विचारता येईल आजही. नाही करत. पुरावा मिळाला तर मला तुमच्यावर रागावता येणार नाही, आणि सध्या मला रागवायचंय.

मला सांगितलं असतंत तर मी रोज आले असते. हे लिहिलं आणि लगेच माझाच मला संशय आला. आले असते का? सुरुवातीला आले असते, डबा घेऊन, हळू आवाजात बोलत. मग मूल आजारी, पाहुणे, पाऊस. शिकायला येणारी पोर दर शनिवारी येते, कारण तिला शिव्या बसतात. कीव करायला येणारीचा काय भरवसा. तुम्ही माणसं ओळखायच्या, आणि मला तर फारच ओळखून होतात. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. मी तर उलट टाळ्या वाजवत होते. मला फार वाईट वाटतंय, बाई. खूप उशिरा वाटतंय, पण वाटतंय.

मुकुंदवाडीचा वर्ग चालू आहे. दर आठवड्याला जाते, पायऱ्यांवरूनच आवाज देते, म्हणजे त्यांना पुस्तकं लपवायची तसदी नको. आत गेले की मला जागा करून देतात, कुणीतरी वाचत असतं, मी भिंतीला टेकून ऐकते. साहेब कधीतरी विचारणार, अजून किती दिवस कच्च्या? तेव्हा काय सांगायचं ते मला माहीत नाही. त्या सुनेला मी परवा म्हणाले, नवीन मुलींच्या ट्रेनिंगला तूही ये, वाचता न येणारी बाई तू हो. माझ्याहून चांगली करते.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते घरातच राहील. तरी एक कबूल करते, तुम्ही हसाल. सगळं लिहून झाल्यावर पाहिलं तर टेबलावर कागदांचा हा ढीग. इतकं काही लिहिलेलं नाही मी. पहिल्या ओळीपासून अक्षर मोठं काढत आलेय, डब्यावर काढलं होतं तेवढं.